रंग देण्याआधी: होडीचे तडकलेले प्लास्टिकचे भाग दुरुस्त कसे करावेत

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या घराघरांत शिरलं. त्यानंतर नदीकाठच्या काही सोसायट्यांनी वर्गणी काढून स्वतःची छोटी होडी घेऊन ठेवली. चांगलंच केलं. पण ही होडी वर्षातले दहा-अकरा महिने पार्किंगच्या कोपऱ्यात नाहीतर गच्चीवर उन्हात पडून असते. मे उजाडला की कुणीतरी म्हणतं, पाऊस तोंडावर आलाय, होडी काढा, धुवा, एक हात रंग मारून घ्या. धुतल्यावर दिसतं की सामानाच्या खणाचं झाकण कोपऱ्यात तडकलंय, बसायच्या फळीखाली चीर गेलीय, काठाच्या पट्टीला भेगा पडल्यात.

हा लेख अशा वेळी पहिल्यांदाच हत्यार हातात घेणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या: रंगाने तडा बुजत नाही, फक्त दिसेनासा होतो. आणि दिसेनासा झालेला तडा उघड्या तड्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी होडी तपासणाऱ्याला तो सापडतच नाही. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी दुरुस्ती, मग घासकाम, मग अस्तर म्हणजे प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी रंग.

घरी काय करावं आणि काय करू नये

झाकणं, खणांचे कप्पे, हवेच्या जाळ्या, समोरचं पॅनल, काठाची सजावटीची पट्टी, होडीच्या वरच्या भागातल्या बारीक चिरा, एवढं नवशिक्या माणसाला नीट जमतं. तळाला आरपार गेलेला तडा, इंजिन अडकवायची मागची फळी, होडी ओढायची कडी जिथे बसवलेली असते ती जागा आणि माणसाचा पूर्ण भार घेणारी बैठक हे मात्र फायबरच्या कामात मुरलेल्या कारागिराकडेच द्या. पेट्रोलची टाकी तडकली असेल तर ती जोडायचीच नाही, बदलायची. रिकामी दिसत असली तरी आत वाफ असते आणि तिला उष्णता लागली तर स्फोट होतो. पारदर्शक काचेसारखे भाग, म्हणजे ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे, तेही बदललेलेच बरे. त्यांना थिनर किंवा ॲसिटोनचा हात लागला की जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि आरपार दिसेनासं होतं.

प्लास्टिक कोणतं, हे ओळखल्याशिवाय काही विकत आणू नका

इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. दुकानात जाऊन ‘प्लास्टिक चिकटवायचं काहीतरी द्या’ म्हटलं की दुकानदार काहीतरी देतोच. पण होडीवर एकाच वेळी तीन-चार जातींची प्लास्टिकं असतात आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. खरं तर बडोदेकरांनी हे सहज समजून घ्यावं. १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएलमुळे, म्हणजे इथल्या पेट्रोकेमिकल कंपनीमुळे, पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन हे शब्द इथल्या कित्येक मराठी घरांत जेवताना बोलले गेलेत. घरात कुणी निवृत्त काका असतील तर तडकलेला तुकडा आधी त्यांच्या हातात द्या.

पहिली खूण भागाच्या मागच्या बाजूला सापडते. भाग सोडवून उलटा करा आणि बॅटरीचा उजेड तिरका मारा. त्रिकोणात २ म्हणजे एचडीपीई (पॉलिथिलीनचीच एक जात), ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे ‘इतर’. त्यात एबीएस हे कठीण प्लास्टिकही येतं, पण तेवढ्यावरून खात्री होत नाही. बऱ्याच भागांवर सरळ एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) अशी इंग्रजी अक्षरंच उमटवलेली असतात.

खूण नसेल तर पाण्याची परीक्षा घ्या. न दिसणाऱ्या कडेचा नखाएवढा कपटा कापा आणि ग्लासभर पाण्यात टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असू द्या, नाहीतर बुडणारा कपटाही पृष्ठभागावर अडकून राहतो आणि फसवतो. बोटाने त्याला एकदा खाली दाबा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी, दोन्ही उसळून वर येतात. एबीएसची घनता १.०५ च्या आसपास असते, ते सावकाश तळाला जातं. पीव्हीसी आणि फायबरग्लास झटकन बुडतात.

बुडालेल्या कपट्यावर आता ॲसिटोनचा एक थेंब टाका आणि मिनिटभराने बोटाने चाचपा, हातमोजा घालून. चिकट, ओशट झाला तर एबीएस समजा. फायबरग्लासवर काही होत नाही, शिवाय त्याच्या तुटलेल्या कडेला काचेचे तंतू डोळ्यांनी दिसतात. कपटा जाळून वास घेण्याची जुनी रीत कुणी सांगेल. ती टाळा. पीव्हीसी जळालं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो.

साधारण अंदाज सांगायचा तर कठीण, गुळगुळीत झाकणं आणि पॅनल बहुधा एबीएसची असतात. साच्यात फिरवून एकसंध काढलेल्या जाड, मेणचट स्पर्शाच्या होड्या आणि कयाक पॉलिथिलीनच्या. आणि नेहमीच्या नौकाविहाराच्या होड्यांचं अंग फायबरचं, म्हणजे फायबरग्लासचं (एफआरपी).

तडा कशामुळे गेला ते शोधा

कारण तसंच ठेवून तडा भरला तर पुढच्या पावसाळ्यात तो शेजारीच पुन्हा उघडतो. झाकणाच्या बिजागरीजवळ बारकाईने पाहा. बहुतेक वेळा चीर स्क्रूच्या भोकातूनच निघालेली दिसते. भोक स्क्रूच्या मापाला अगदी घट्ट पाडलेलं असतं, वर खाली निमुळत्या होत जाणाऱ्या डोक्याचा स्क्रू आवळलेला. बडोद्याच्या उन्हात प्लास्टिक फुगतं, रात्री आकसतं, त्याला सरकायला जागा नसते. त्यात ते निमुळतं डोकं पाचरीसारखं भोक फाकवत राहतं. यावर उपाय सोपा आहे. दुरुस्तीनंतर भोक स्क्रूपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठं करा, सपाट बुडाच्या डोक्याचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरा, खाली रुंद वॉशर घाला आणि हाताला अडेल इतपतच आवळा. पॉवर ड्रिलने आवळू नका.

दुसरं कारण ऊन. पृष्ठभाग पांढुरका पडलाय, बोट फिरवलं की भुकटी लागते, हलक्या दाबाने करकर आवाज येतो, असं असेल तर त्या भागाचं आयुष्य संपलंय. तो जोडण्यात दिवस घालवू नका, नवा आणा.

धुणं, वाळवणं, तड्याचं टोक शोधणं

पुराच्या पाण्यात उतरलेली होडी असेल तर चिरांमध्ये बारीक गाळ बसलेला असतो. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तो पूर्ण काढा. जुनी सिलिकॉनची सील ब्लेडने खरवडून टाका, तिचा अंशही राहिला तर त्या जागी रंग धरत नाही. मग चिकटपणा पुसा. एबीएससाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, फायबरसाठी ॲसिटोन चालतं. एबीएसवर थिनरचा बोळा फिरवायचा नाही, तो प्लास्टिकच खातो. नंतर सावलीत, वाऱ्यावर निदान दोन दिवस वाळू द्या. फायबरचा तडा आतून ओला असेल तर आणखी थांबा.

तडा डोळ्यांना दिसतो त्याच्यापुढेही केसाएवढा गेलेला असतो. त्याचं खरं टोक सापडावं म्हणून त्या भागावर पेनची पातळ शाई लावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. चिरेत शिरलेली शाई राहते, रेघ स्पष्ट उमटते. त्या रेघेच्या अगदी टोकावर २ ते ३ मिलिमीटरचं भोक पाडा. तडा टोकदार जागेतून पुढे सरकतो. गोल भोकात ताण पसरतो आणि चीर तिथेच अडते. हे एक पाऊल वगळू नका. दोन मिनिटांचं काम आहे, पण दुरुस्ती टिकणार की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

आता तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या साधारण दोन तृतीयांश खोल. चाकूची पाठ, त्रिकोणी कानस किंवा छोटं रोटरी मशीन, काहीही चालेल. नुसत्या चिरेत वरून ओतलेला गोंद आत जात नाही, वरच्या वर बसतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची पट्टी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, मागच्या बाजूलाही.

एबीएस

एबीएसचा गोंद एबीएसचाच करता येतो, आणि माझ्या मते झाकणांसाठी तोच सर्वांत चांगला. त्याच भागाच्या तुटलेल्या तुकड्याचे किंवा एबीएसची खूण असलेल्या भंगारातल्या कव्हरचे बारीक कपटे करा. काचेच्या, धातूच्या झाकणाच्या बाटलीत ते टाका आणि बुडतील इतकंच ॲसिटोन घाला. रात्रभरात कपटे विरघळतात. सकाळी काडीने ढवळा: मधासारखी सावकाश धार पडली पाहिजे. पातळ असेल तर कपटे वाढवा. गाठी राहिल्या असतील तर आणखी काही तास द्या. ॲसिटोनची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, म्हणून हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा, आणि जवळपास गॅस, उदबत्ती, विडी काही नको.

तड्याच्या कडा एकमेकींना नीट भिडवून वरून चिकटपट्टी लावा. मग भाग उलटा करून मागच्या बाजूने सुरुवात करा. मागे ॲसिटोनचा हलका हात फिरवला की पृष्ठभाग मऊ पडतो. त्यावर या लगद्याचा थर, त्यात फायबरग्लासच्या कापडाची पट्टी दाबून बसवायची, वर पुन्हा थर. मागची बाजू दुसऱ्या दिवशी घट्ट झाली की पुढची चिकटपट्टी काढा आणि खाच भरायला घ्या. एकदम भरू नका. ॲसिटोन उडतं तसा लगदा आकसतो, त्यामुळे पातळ थर, चार-पाच तास विश्रांती, पुन्हा थर, असं करत खाच पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईपर्यंत भरा. घासायच्या आधी दोन-तीन दिवस जाऊ द्या. वरून कठीण वाटलं तरी आत ॲसिटोन अडकलेलं असतं, आणि त्यावर घाईने रंग दिला की फोड येतात.

हे जमत नसेल तर दोन भागांचं इपॉक्सी वापरा. साधं, सावकाश सुकणारं ॲराल्डाइट दोन्ही नळ्यांतून सारखं घेऊन मिसळायचं आणि पूर्ण दिवसभर हलवायचं नाही. पाच मिनिटांत सुकणारी जात पाण्यात तितकी टिकत नाही. फेविक्विक फक्त तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरतं ठीक. त्याचा जोड ठिसूळ असतो.

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन

या दोघांना कुठलाही नेहमीचा गोंद धरत नाही. ॲराल्डाइट लावून पाहा, सुकल्यावर नखाने पापुद्र्यासारखं निघून येतं. यांना फक्त वितळवूनच जोडता येतं, तेही त्याच जातीच्या प्लास्टिकने. गरम हवेची गन, तिला बारीक तोंड, आणि त्याच होडीच्या एखाद्या निकामी तुकड्यातून कापलेली काडी एवढं लागतं. हवा साधारण ३०० अंशांच्या आसपास ठेवा. जोडायच्या क्षणाआधी खाच ब्लेडने पुन्हा खरवडा, कारण हवेत जुना झालेला वरचा थर एकजीव होत नाही. काडी आणि खाच दोन्ही एकाच वेळी ओलसर चकाकली पाहिजेत, मगच काडी दाबायची. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला तर हवा जास्त तापलीय. आधी भंगाराच्या तुकड्यावर हात बसवा, थेट होडीवर शिकू नका.

काही पॉलिथिलीन होड्यांतलं प्लास्टिक आडव्या बंधांचं, क्रॉसलिंक केलेलं असतं. ते वितळतच नाही. लपलेल्या जागी सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने टोचून पाहा. तार निघत नाही, नुसतं मऊ पडून करपतं, तर वेल्डिंगचा नाद सोडा.

आणि रंगाचं काय? माझं स्पष्ट मत आहे की पॉलिथिलीनच्या होडीला रंग देऊच नये. गोंद धरत नाही त्याच कारणाने रंगही धरत नाही. खास अस्तर लावून काही काळ टिकवता येतो, पण खरचटलं की पोपडे निघतात. तो पैसा ऊन अडवणाऱ्या चांगल्या आच्छादनावर घाला, होडी जास्त टिकेल.

फायबरचं अंग

वरच्या चकचकीत थराला जेलकोट म्हणतात. नुसत्या त्यातच कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर खाच करून जेलकोट किंवा इपॉक्सी पुट्टी भरणं पुरतं. तडा खोल आहे का हे कळायला रुपयाच्या नाण्याने आजूबाजूला ठोकत जा. टणक आवाज म्हणजे ठीक. भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय, आणि मग ते काम कारागिराचं.

वरच्या भागातला खोल तडा असेल तर कडा उतरत्या घासा, जाडीच्या बारापट. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीला दोन्ही बाजूंना जवळजवळ ५ सेंटीमीटर. नवशिक्याला हे फार वाटतं, पण जोडाची ताकद या रुंदीतच आहे. काचेची धूळ कातडीत आणि छातीत जाते, त्यामुळे पूर्ण बाह्या, गॉगल आणि चांगला मास्क हवाच. मग चॉप्ड स्ट्रँड मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईचे, लहानमोठे तुकडे कापा, रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवा, आणि खाचांच्या रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर काढा.

मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला रेझिन, मॅट, हार्डनर हे सगळं चौकशी केली की मिळतं. घेताना रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आधीच मिसळलेलं आहे का ते विचारा. वेगळं मिळालं तर नीट ऐका: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. हार्डनर म्हणजे एमईकेपी, पेरॉक्साइड आहे. दोन्ही एकत्र आले तर भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग वापरायच्या वेळी हार्डनर. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून गॉगल काढायचा नाही. प्रमाण १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा १ ग्रॅमच पुरे. सकाळी सातच्या आत काम सुरू करा, एका वेळी वाटीभरच मिसळा. जास्त मिसळलं तर डब्यातच तापून दगड होतो.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. फायबरचं हे पॉलिएस्टर रेझिन एबीएसवर लावू नका, त्यातलं स्टायरीन एबीएसला मऊ करतं. आणि एकदा इपॉक्सी लावलेल्या जागेवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. उलट चालतं.

घासकाम, लांबी, अस्तर, रंग

रंग देण्याआधी झाकणात आणि खणात पाणी भरून तासभर ठेवा. थेंब कुठून येतो ते आत्ताच कळलेलं बरं.

लहान खळगे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरतात. पण गॅरेजमधली गाड्यांची पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते. पाण्याच्या रेषेखाली ती नको, तिथे इपॉक्सीची लांबी घ्या. घासताना १२०, मग २४०, मग ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर. डोळे मिटून तळहात फिरवा. जोड हाताला लागत असेल तर रंगानंतर तो डोळ्यालाही दिसणारच.

एबीएसला प्लास्टिकचं अस्तर, फायबरला इपॉक्सी प्रायमर, वर दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, पातळ पातळ दोन-तीन हात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते श्वासातून गेले तर दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही. म्हणून घरी स्प्रे करू नका, रोलर आणि ब्रशच वापरा, मोकळ्या हवेत, रासायनिक वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क लावून. उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर आणि पहिल्या सरींनंतरच्या दमट हवेत रंग देऊ नका. गडद निळा सुंदर दिसतो, पण उन्हात तापून प्लास्टिकला पुन्हा तडकवतो. पांढरा किंवा नारिंगी घ्या. पुराच्या गढूळ पाण्यात नारिंगी लांबून दिसतो. सीलची नवी सिलिकॉन सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण सुकल्यावर.

होडीच्या बाजूला किती माणसं बसवायची तो आकडा लिहिलेला असतो. रंगाखाली तो झाकला जातो, म्हणून आधी फोटो काढून ठेवा आणि नव्या रंगावर तोच आकडा मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहा. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. त्या होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. या शहरात तो आकडा कुणी पुसट ठेवू नये. दुरुस्ती कितीही पक्की झाली तरी आकडा वाढत नाही.

रंगानंतर आठवडाभर होडी सावलीत राहू द्या, इपॉक्सी आणि पीयूला पूर्ण ताकद यायला तेवढे दिवस लागतात. पाण्यात पहिल्यांदा उतरवून परत आणलीत की ज्या ज्या टोकाला भोक पाडलं होतं तिथे पुन्हा एकदा शाई लावून पुसा. रेघ उमटली तर तो जोड खरवडून नव्याने करा. पावसाळा संपल्यावर हीच तपासणी पुन्हा करा आणि मगच होडीवर आच्छादन घाला.